लोखंडाच्या भावाने गेलेले चुंबक

आम्ही विज्ञान मंडळाची मुले. बरेच जण डिचोलीकडचे, काही पेडण्याचे. डिचोलीच्या मुलांना खनिज म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. शिरगाव-मुळगावचे लोहखनिज ट्रकने बार्जपर्यंत आणि तिथून जहाजावर जाई. जपान त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. धूळ आणि गाळाने भरलेली शेते आमच्या घरच्यांनी पाहिली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर हप्ते थकलेले ट्रक दारात उभे राहिलेलेही पाहिले. २०२२ च्या लिलावानंतर डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झाले. त्यामुळे ‘खाण’ म्हटले की आमच्या एकाच घरात कोणाला हायसे वाटते, तर कोणाच्या कपाळाला आठी पडते.

यंदा सरांसोबत आम्ही संगणक कक्षातली एक बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली. आत निकेलच्या मुलाम्याची, कमानीसारखी वाकलेली दोन चुंबके होती. पोलादी पट्टीला चिकटली ती सुटेनात. एकाच्या बोटाला असा चिमटा बसला की सध्या त्याचे नाव ‘चुंबकराव’ आहे.

हे निओडायमियमचे चुंबक. त्यात वजनाने सुमारे दोन तृतीयांश लोखंडच असते. जवळपास ३० टक्के निओडायमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि एक टक्का बोरॉन. जपानच्या मासातो सागावा यांनी ते १९८२ मध्ये बनवले. विजेवरच्या मोटारगाडीत असे चुंबक किलो-दोन किलो असते, समुद्रातल्या मोठ्या पवनचक्कीत काही टन.

‘दुर्मिळ’ हे नाव मात्र फसवे आहे. ही मूलद्रव्ये जमिनीत बऱ्यापैकी आहेत, पण विखुरलेली. ती वेगळी करायला आम्ले लागतात, आणि मोनाझाइट वाळूतून काढायची तर सोबत किरणोत्सारी थोरियमही येते. हे काम बहुतांशी चीनमध्ये चालते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने यांतल्या काही मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याआधी सप्टेंबरमध्ये भंगारातून महत्त्वाची खनिजे परत मिळवण्यासाठी १,५०० कोटींची योजना आली होती. आम्हांला ही धाकटी योजना जास्त आवडली.

कारण भंगारात हे चुंबक लोखंडाच्या भावाने जाते. यंत्र सगळेच चुरडले की चुंबकाचे तुकडे पोलादाला चिकटतात, भट्टीत जातात आणि निओडायमियम मळात वाया जाते. चुंबक आधीच सोडवून घेतले तर? बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेल्या रीतीत त्याला हायड्रोजन वायू देतात. चुंबक फुगून त्याचा भुगा होतो, मुलामा सुटतो. भुगा दाबून, तापवून पुन्हा चुंबक! एवढ्याने जगातल्या खाणी थांबणार नाहीत, मागणीच तेवढी वाढते आहे. पण एखाद्या गावावरचा भार तरी हलका होईल.

पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्सचे संकुल मंजूर झालेले आहे. तिथे यंत्रे जोडण्याबरोबर ती उघडण्याचेही काम यावे, असे आमच्यातल्या पेडणेकरांचे म्हणणे. डिचोलीकर विचारतात, “आमच्याकडे का नको? लोखंड आम्हांला कळते.” वाद अजून मिटलेला नाही.