अर्धवट गोधड्या आणि कापडाचा परिग्रह



परिग्रह परिमाण व्रताचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे जमीन, घर, सोनं आणि बँकेतला पैसा एवढंच येतं. पण तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात ‘कुप्य’ असाही एक शब्द आहे. टीकाकार त्याचा अर्थ उलगडतात तेव्हा त्यात सुती, रेशमी कापड येतं. सोन्याची मोजणी आपण बायका अगदी बिनचूक ठेवतो. कापडाची कोण ठेवतं?

मी या चातुर्मासात ठेवली. निमित्त व्यवहारातलंच होतं. बोरिवलीतली आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे आणि भाड्याच्या घरात बॉक्सचा पलंग मावणार नाही. पलंगाच्या पोटात काय आहे ते बाहेर काढलं तर अर्धवट राहिलेली नऊ कामं निघाली. शिवाय मंगळदास मार्केटमधून ‘पुढे लागेल’ म्हणून आणलेले तुकडे वेगळेच. तेव्हा नियम घेतला की ही नऊ मार्गी लागेपर्यंत नवीन कापड घरात आणायचं नाही. मार्गी लावणं म्हणजे पूर्णच करणं, असं मात्र नाही.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की वर्षअखेरीला शिल्लक मालाची किंमत धरताना, पडलेला खर्च किंवा विकून मिळेल ती रक्कम, यांतलं जे कमी असेल ते धरायचं. अर्धवट तयार मालालाही तोच नियम. घरातल्या अर्धवट कामांना आपण नेमकं उलटं करतो. ‘केवढं महागाचं कापड होतं’ आणि ‘केवढे दिवस घातले’, यांतलं जे जास्त ते धरतो. म्हणून काही टाकवत नाही आणि काही संपतही नाही.

आणि कापड नुसतं पडून राहत नाही. आपल्या उपनगरांतल्या पावसाळ्यात बंद पलंगात ओल धरते, कसर लागते. डांबर गोळ्या टाकणं मला पटत नाही, कारण ते जीव मारण्याचंच साधन झालं. म्हणजे आधी जीव उत्पन्न होतील अशी जागा आपण करायची आणि मग त्यांच्यावर उपाय शोधायचा! त्यापेक्षा कापड वापरात आणणं किंवा देऊन टाकणं हाच खरा उपाय. उघडीप मिळेल तसं एकेक बाहेर काढून हलक्या हातानं झटकलं, सावलीत पसरलं आणि मग निवडायला बसले.

कोरं, न वापरलेलं, शुद्ध सुती कापड आधी बाजूला काढलं. जाड विणीचं होतं त्याची पाण्याची गाळणी केली. आपल्याकडे छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस रुंद असं माप सांगतात, ते दुहेरी करून पाणी गाळायचं. अंगावर वापरलेलं कापड गाळण्याला घेऊ नये, एवढं लेकी-सुनांना आवर्जून सांगा. उरलेल्या कोऱ्या कापडाची शास्त्रांसाठी वेष्टनं बेतली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते, षट्खंडागम पूर्ण झाल्याचा तो दिवस. मंदिरात शास्त्रं बाहेर काढून, पुसून नव्या वेष्टनात बांधतात तेव्हा ती उपयोगी येतील. तीन अर्धवट कामं इथेच मिटली.

मग आला सँपलर क्विल्ट. तुमच्यापैकी काहींनी क्लास केला असेल. शिकाऊ बाईचे सगळे नमुने एकाच रजईत यावेत म्हणून प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा करतात. नाइन पॅच म्हणजे नऊ घरं, लॉग केबिनमध्ये मधल्या चौकोनाभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या, पिनव्हील म्हणजे आपलं भिरभिरं. बारा-बारा इंचांचे बारा चौकोन करायचे होते. माझे सात झाले होते. राहिलेले पाच करायला बसले असते तर पुन्हा कापड, पुन्हा दोरा. मी बेतच लहान केला. सहा चौकोन, दोनाच्या तीन ओळी, मध्ये आणि कडेला दोन इंचांची पट्टी. तीस इंच बाय चव्वेचाळीस इंच झालं. तान्ह्या बाळाचं पांघरूण! सातव्या चौकोनात मी हौसेनं स्वस्तिक बेतलं होतं. अंथरुणा-पांघरुणावर पाय लागतो, तिथे मंगलचिन्ह नको, हे माझं मत ठाम आहे, कोणी जुन्या वळणाची म्हटलं तरी चालेल. कापड कोरं होतं म्हणून त्याला अस्तर लावून शास्त्राच्या चौरंगावर घातलं.

रेशमी तुकड्यांची पिशवी तशीच्या तशी देऊन टाकली. त्यावर जास्त लिहीत नाही.

सगळ्यात खाली माझ्या थोरल्या जाऊबाईंची, अक्कांची वाकळ होती. आमच्या सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. क्विल्टमध्ये वरचं कापड, मध्ये कापसाचा थर आणि खाली अस्तर असतं. वाकळेत मध्ये काही भरत नाहीत. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालायची, जमिनीवर ताणून टाचायची आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत यायचं. अक्का गेल्या तेव्हा मधला दीड-दोन हातांचा भाग राहिला होता. सुई कापडातच होती. तिचा गंज लुगड्यावर उतरला होता.

अक्कांच्या लेकीला, माझ्या पुतणीला मुलुंडला फोन केला. म्हटलं, “मी पुरी करते आणि तुला देते.” ती एकदम म्हणाली, “नको काकू, आईनं जिथं सोडली तिथंच राहू दे. पुरी केली तर ती आईची राहणार नाही.”

मला ते पटलं नाही. मूर्च्छा म्हणजेच परिग्रह असं आपले आचार्य सांगून गेले. वस्तू किती आहेत यापेक्षा जीव कशात अडकलाय ते बघायचं. पांघरता न येणारी वाकळ जपून ठेवणं म्हणजे नुसती मूर्च्छाच नव्हे का? पण मग वाटलं, मी पुरी करायचा हट्ट धरतेय, तोही मोहच नाही कशावरून? वाकळ तिच्या आईची. ठरवायचं तिनं.

पुरं कशाला म्हणायचं, हे तरी सगळीकडे कुठं एक आहे! कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका ‘कवंद’ शिवतात, तीही जुन्या कपड्यांची आणि कडेकडेनं आत येणारी. कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. पांघरायला फुलांची गरज नसते. तरी ती लागतातच.

मी पुतणीला एवढंच म्हटलं, की गंजलेली सुई तेवढी काढू दे. घरात लहान मुलं आहेत, आणि गंज पसरला तर लुगडं विरेल.

रविवारी ती स्वतःच आली. सुई तिनंच काढली. थोडा वेळ वाकळ मांडीवर घेऊन बसली आणि मग म्हणाली, “काकू, दोरा आहे का याच रंगाचा?” तसाच दोरा नव्हता, थोडा फिका होता. म्हणाली, चालेल. तीन ओळी घातल्या तिनं. टाका अक्कांपेक्षा मोठा पडतोय, पण मी काही बोलले नाही. संध्याकाळी जेवायची वेळ टळायच्या आत तिला निघायचं होतं, म्हणून वाकळ तशीच गुंडाळून घेऊन गेली. अजून हातभर तरी राहिली असेल.

माझ्याकडे नवांपैकी आता दोन आहेत.