साठ टक्के, पण कोणत्या विषयात?

आमच्या घरात ‘ऑपरेशन झालं’ म्हणजे ‘प्रकरण मिटलं’. धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या, हृदयाचं ऑपरेशन ती पाच वर्षांची असताना मुंबईत झालं. तिला जन्मापासून ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. रडली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशननंतर ओठ गुलाबी झाले, अम्मीने शुकराण्याची नमाज पढली आणि फाइल अब्बांच्या ट्रंकेत गेली. लग्न ठरताना तर ती ट्रंकेच्या तळाशी गेली.

आज छोटी ३४ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिचा इको काढला. रिपोर्टमध्ये ‘ई.एफ. ६०’ असा आकडा होता. “माशाअल्लाह, फर्स्ट क्लास!” चाचा म्हणाले. मी शिक्षिका आहे, गुण बघण्याआधी विषय बघते. मुळात हे शंभरपैकी गुण नव्हतेच. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचं हे प्रमाण, आणि साठ म्हणजे उत्तम. पण ते होतं डाव्या कप्प्याचं. छोटीची काळजी उजव्या कप्प्याची.

ऑपरेशनमध्ये अरुंद वाट रुंद करताना पुष्कळदा झडपेच्या कड्यावरूनच ठिगळ लावावं लागतं. मग ती झडप नीट मिटत नाही. फुप्फुसांकडे गेलेलं थोडं रक्त दर ठोक्याला मागे येतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो. माणसाला काही जाणवत नाही. म्हणून तर जुनी फाइल हवी, ठिगळ कुठवर लावलं ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

आणि हा उजवा कप्पा मोजायला अवघड. डावा साधारण निमुळता, त्याचा हिशेब सूत्रात बसतो. उजवा चंद्रकोरीसारखा डाव्याला बिलगलेला, छातीच्या हाडामागे. इकोत त्याचे काप दिसतात, अख्खा आकार हाती लागत नाही. त्यासाठी हृदयाचा एमआरआय. त्यात कप्प्यात किती रक्त मावतं आणि किती उलटं येतं, दोन्ही मोजता येतं. छातीच्या हाडात ऑपरेशनच्या तारा आहेत म्हणून अम्मी घाबरली होती. त्या तारांनी एमआरआयला अडचण येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ती गप्प झाली.

बी.एड.ला आम्हाला सर्वंकष मूल्यमापन शिकवलं, तेव्हा तो शब्द मला नुसता जड वाटायचा. इथे त्याचा अर्थ कळला. ईसीजीत एका लहरीची रुंदी बघतात. ती १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर ठोके धोकादायकरीत्या बिघडण्याची भीती वाढते. तोंडाला मास्क लावून सायकल चालवायला लावतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. ही चाचणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. कारण छोटीला विचारा, “दम लागतो का?” ती म्हणणार, “नाही, आपा.” लागणार कसा? दुसऱ्या मजल्यावर जाताना मधल्या वळणावर ती शेजारणीशी बोलत थांबते. बाजारातून रिक्षाने येते. लहानपणापासून तिने आपल्या दमाच्या मापाचंच आयुष्य शिवून घेतलंय.

हे ऑपरेशन अमेरिकेत वॉल्टन लिलेहाय यांनी पहिल्यांदा केलं ते १९५४ साली. म्हणजे अशी मुलं मोठी होऊन संसार करतात, ही वैद्यकालाही तशी अलीकडचीच गोष्ट. आमच्या गावात तर ‘मोठ्यांचा जन्मजात हृदयविकार’ म्हटलं की लोक हसतात.

छोटीला दुसरं मूल हवंय, म्हणून हे सगळं निघालं. एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं माप शरीराच्या दर चौरस मीटरला १४२ मिलिलिटर आलं. १६०च्या आसपास नवी झडप बसवण्याचा विचार सुरू होतो, तोही इतर गोष्टी बघून. हल्ली काहींना ती पायाच्या शिरेतून, छाती न उघडताही बसवता येते. मुलाबद्दल डॉक्टर सायकलच्या चाचणीनंतर बोलणार आहेत.

चाचणी पुढच्या मंगळवारी आहे. बूट घालून या म्हणालेत. छोटीकडे चपलाच आहेत, उद्या शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बूट घ्यायला जाणार आहोत.