एक खानदेश, दोन कालपट्ट्या

दोस्तांनो, धुळ्याच्या आणि जळगावच्या मुलांनी आपापल्या जिल्ह्याची कालपट्टी काढून शेजारी शेजारी ठेवली, तर एक गंमत दिसेल. १९०६ पर्यंत पट्टी एकच! दोन्हीकडे फारुकी राजे, १६०१ मध्ये अकबराने घेतलेला असीरगड आणि १८१८ मध्ये आलेला इंग्रजी अंमल. जिल्ह्याचं मुख्य ठाणं धुळं. १९०६ साली मात्र खानदेशाचे दोन भाग झाले : पश्चिम खानदेश म्हणजे धुळे आणि पूर्व खानदेश म्हणजे जळगाव.

पुढे धुळेकर लिहितील : १९२७, राजवाडे संशोधन मंडळ. जळगावकर लिहितील : १९३६, फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, म्हणजे तिसरी पट्टी आलीच!

मग १९३२ साल कुणाचं? त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजी आधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि अमळनेर तर जळगाव जिल्ह्यात! एकट्या धुळेकरांनी लिहिलं तर अमळनेर सुटेल, एकट्या जळगावकरांनी लिहिलं तर तो तुरुंग सुटेल. हद्द नकाशावर असते. माणसं इकडून तिकडे जातच असतात.

तेव्हा आपली पट्टी झाली, की शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राची मागून घ्या. आपल्याकडून जे राहिलं, ते लाल पेन्सिलीने लिहा. बघा, किती लाल होते ती!