बुद्धाचा हात

बिरवाडीच्या आमच्या परसात आंबा, फणस, कढीलिंब अशी गुणी मंडळी असताना आम्ही मुद्दाम एक निरुपयोगी झाड आणून लावले, हा आमच्या सौभाग्यवतींचा आमच्यावरील जुना आरोप. झाड महाळुंगाच्या जातीचे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे महाळुंग आहे, त्याचाच हा विक्षिप्त भाऊबंद. त्याचे फळ टोकाकडे फाकते आणि त्यास पिवळी, वाकडीतिकडी बोटे फुटतात. चिनी लोक त्यास ‘बुद्धाचा हात’ म्हणतात व केवळ सुवासासाठी घरात मांडून ठेवतात. आत ना रस, ना बी. “मग हवा कशास?” असे कोणी विचारले, की आम्ही ऐटीत सांगत असू, “रोजच्या कागदी लिंबाचे पितृकुळ महाळुंगाचेच. पूर्वजाने उपयोगी पडलेच पाहिजे, असे थोडेच आहे?”

बी नसल्यामुळे याचा वंश चालतो तो फांदीच्या कलमावरच. टेकाडावर राहणाऱ्या एका आजींनी एकदा फांदी मागितली. वर्षभर आम्ही सबबी सांगितल्या. कधी मोसम नव्हता, कधी फांदी कोवळी होती. खरी गोष्ट अशी, की पंचक्रोशीत हे झाड एकट्या आमच्याच घरी असावे, अशी आमची हाव होती. अखेर सौभाग्यवतींनीच आमच्या नकळत एक फांदी नेऊन दिली. आम्ही चार दिवस अबोला धरला.

पुढे २०२१ चा जुलै आला. २२ तारखेस महाड महापुरात बुडाले. त्याच दिवशी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे एका झाडाची कथा ती काय! आमच्याही परसात पाणी साचून राहिले, मुळे कुजली, बुंध्यास डिंक सुटला आणि दिवाळीपूर्वी झाड वाळले. आम्ही कोणापाशी अवाक्षर काढले नाही. तशी ती वेळही नव्हती.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या तोंडावर आजी नातवाच्या डोक्यावर कुंडी देऊन आमच्या अंगणात आल्या. “भाऊ, तुमचंच आहे हे. माझ्याकडे दुसरं आहे,” एवढेच म्हणाल्या.

ते झाड आता परसात उंच वरंब्यावर उभे आहे. त्याचे पहिले फळ आम्ही स्वतः टेकाड चढून आजींच्या देवापुढे ठेवले. हल्ली कोणी फांदी मागितली, की आम्ही मोसमाची गोष्ट काढीत नाही. कात्री कोठे आहे, एवढेच सौभाग्यवतींस विचारतो.