काळी पाच, 4,000 फेरे

सात पात्यांचा पंखा मिनिटाला 4,000 फेरे घेऊ लागला की तो काळी पाचमध्ये गातो. हिशेब सोपा आहे. सेकंदाला 66 पूर्णांक दोन तृतीयांश फेरे, प्रत्येक फेऱ्यात मोटर धरून ठेवणाऱ्या एकेका दांडीसमोरून सात पाती जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे 467 ठोके. आणि पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी पाच 466 वर वाजते. काळी पाच ही पुष्कळ गायिकांची पट्टी. अशी गायिका तार षड्जावर जाते ती काही क्षणांसाठी; कॉम्प्युटरचा पंखा तिथे दिवसभर मुक्काम ठोकतो आणि मध्ये श्वासही घेत नाही.

हा सूर म्हणजे पंख्याचा अर्धाच आवाज. उरलेला अर्धा हवेचा. पात्याच्या मागच्या कडेवरून हवा सुटते तिथे लहानमोठे भोवरे तयार होतात आणि त्यांतून सगळ्या कंपनसंख्या एकदम बाहेर पडतात. त्या आवाजाला पट्टी नसते. कानाला अशी फुसफुस चालते. तिची सवय होते, पावसाची होते तशी. एकसुरी गुणगुण मात्र भिंतीआडूनही शोधून काढता येते. मोजणारे यंत्र या दोहोंची बेरीज करून डेसिबलचा एकच आकडा देते, त्यामुळे 45 डेसिबलचा एक पंखा शेजारी ठेवून झोप लागते आणि 45 चाच दुसरा डोके उठवतो. खोक्यावरचा आकडा वाचावा. त्यावर विसंबू नये.

एकाच कॅबिनेटमध्ये असे दोन पंखे बसवले की आणखी एक गंमत होते. एक 4,000 वर आणि दुसरा 3,990 वर फिरत असेल तर दोन सूर एकमेकांत पुरते मिसळत नाहीत; सेकंदाला एकापेक्षा किंचित जास्त वेगाने आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना नेमके हेच ऐकू येते, आणि तिथे मणी सरकवून त्या लाटा थांबवता येतात. पंख्यांना मणी नाही. त्यांचे वेग मुद्दाम बरेच वेगळे ठेवणे किंवा पात्यांमधली अंतरे असमान ठेवून सूरच विस्कटून टाकणे, हे दोन उपाय उरतात.

वेगवान पंख्याचे अर्थशास्त्र मोठे निर्दय असते. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, हवेचा दाब चौपट होतो आणि वीज आठपट लागते. आवाज तर वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो: दुप्पट वेगाला 15 डेसिबल, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट गोंगाट. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी बसवला तर मोकळ्या हवेत तेवढीच दुप्पट हवा मिळते आणि आवाज फक्त 3 डेसिबलने चढतो. हे गणित पाहिल्यावर कोणीही शहाणा माणूस मोठा आणि संथ पंखा घेईल. घरच्या कॉम्प्युटरसाठी तोच घ्यावा, त्यात वादाला जागा नाही.

तरीही वेगवान पंखे बनतात, विकले जातात आणि लागतात, कारण हवा मोकळी नसते. हीटसिंकच्या पापुद्र्यांसारख्या पत्र्यांमधून, धुळीच्या जाळीतून, तारांच्या गुंत्यातून ती ढकलावी लागते, आणि तिथे कामाला येतो तो दाब. कॅटलॉग दोन टोकांचे आकडे छापतो: समोर काहीच अडथळा नसताना किती हवा, आणि तोंड पूर्ण बंद असताना किती दाब. खरा पंखा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जगतो. अडथळा फार झाला की पात्यावरून हवेची पकड सुटते, पंखा फिरत राहतो, गुरगुरतो आणि पुढे फारसे काही जात नाही. आवाजाचा आकडाही मोकळ्या हवेतला, एक मीटरवरून घेतलेला. कॅबिनेटमध्ये गेलेला पंखा कॅटलॉगमधल्या पंख्याचा जुळा भाऊ असतो, पण स्वभावाने वेगळा.

2001 च्या सुमाराला हौशी मंडळींनी हा गोंगाट स्वखुशीने घरात आणला. एएमडीचा 1.4 गिगाहर्ट्झचा अॅथलॉन प्रोसेसर 72 वॅटपर्यंत तापत होता, आणि त्याच्यावर तैवानच्या डेल्टा कंपनीचा, तळहातात मावेल असा 60 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सुमारे 7,000 फेऱ्यांनी फिरवला जाई. 2002 च्या अॅपलच्या पॉवर मॅक जी4 ला ग्राहकांनीच ‘विंड टनेल’ म्हटले. पुढच्या वर्षी जी5 आला तो नऊ पंखे घेऊन, पण ते चार वेगळ्या कप्प्यांत, गरजेपुरते फिरणारे होते. त्याच 2003 मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका किंचाळला की कंपनीने स्वतःच त्याची खिल्ली उडवणारी चित्रफीत काढली. यंत्र बनवणाऱ्यांना विनोदबुद्धी असते याचा इतका चांगला पुरावा क्वचित मिळतो.

सर्व्हरच्या जगात मात्र कोणी विनोद केला नाही, कारण तिथे ऐकायला कोणी नव्हते. रॅकमधला एक युनिट उंचीचा सर्व्हर 44.45 मिलिमीटर उंच. त्यात उभा मावतो तो 40 मिलिमीटरचा पंखा, आणि एवढ्याशा तोंडातून शेकडो वॅटची उष्णता बाहेर काढायची तर वेग 20,000 आणि त्याच्याही पुढे न्यावा लागतो. त्या वेगात पात्याचे टोक ताशी सुमारे 140 किलोमीटरने धावत असते. पाच पाती असतील तर सूर अतितार सप्तकातल्या काळी चारजवळ जातो. दाब आणखी हवा असेल तर दोन पंखे पाठीला पाठ लावून उलट दिशांनी फिरवतात. पहिल्याने हवेला दिलेला पीळ दुसरा उलगडतो आणि त्या पिळात गेलेली ताकद दाबाच्या रूपाने परत मिळवतो. अशा पंख्यांची रांग सुरू होते तेव्हा शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागते. पण सर्व्हर-रूममध्ये माणूस जातोच किती वेळ? कानच नसलेल्या जागी किंचाळायला हरकत कोणाची, असे गृहीत धरले गेले.

कान होते. हार्ड डिस्कला होते. 2008 च्या डिसेंबरमध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधला अभियंता ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या कपाटासमोर उभा राहून त्यांच्यावर जोरात ओरडला, आणि पडद्यावरच्या आलेखात त्याच क्षणी डिस्कचा प्रतिसाद लांबल्याचे टोक उमटले. त्याची चित्रफीत अजून लोक हसत पाहतात. कारण हसण्यासारखे नाही. आजच्या डिस्कच्या तबकडीवर शेजारशेजारच्या दोन मागांमधले अंतर 100 नॅनोमीटरच्याही आत असते आणि फिरत्या तबकडीवर तरंगणाऱ्या शीर्षाला त्यातला एकच माग धरून राहायचे असते. संथ धक्के त्याला सावरता येतात. शीर्ष हलवणारी यंत्रणा सतत दुरुस्ती करत असते. कंपने हजार-दीड हजारांच्या वर गेली की ही दुरुस्ती मागे पडू लागते, आणि छोट्या वेगवान पंख्याचा सूर नेमका तिथेच लागतो. वाचताना थोडी चूक चालते. लिहिताना चालत नाही, शेजारचा माग खराब होईल. म्हणून डिस्क लिहिणे थांबवते आणि तबकडी पुन्हा फिरून येण्याची वाट पाहते. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये ही वाट 8.3 मिलिसेकंदांची. एकदा पाहिली तर काही नाही. दर सेकंदाला अनेकदा पाहावी लागली तर सर्व्हर मंदावतो, मंदावल्याचे कारण कुठल्याही नोंदीत सापडत नाही, आणि पंखा आपले काम चोख बजावत असतो.

10 सप्टेंबर 2016 रोजी बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमनाची चाचणी झाली. निष्क्रिय वायू अपेक्षेपेक्षा जास्त दाबाने बारीक छिद्रांतून सुटला, आवाज 130 डेसिबलच्या घरात गेला, आणि आग नसताना डिस्क निकामी झाल्या. सुमारे दहा तास बँकेची कार्डे, एटीएम, ऑनलाइन व्यवहार ठप्प. त्याहून चमत्कारिक गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2022 मध्ये सहकाऱ्याच्या हवाल्याने सांगितली: विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचे ‘रिदम नेशन’ वाजवले की काही लॅपटॉप बंद पडत, आणि शेजारी ठेवलेला, गाणे न वाजवणारा लॅपटॉपही बंद पडे. गाण्यातली एक कंपनसंख्या त्यांतल्या 5,400 फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. लॅपटॉपच्या निर्मात्याने ध्वनियंत्रणेत गाळणी बसवून तेवढीच पट्टी काढून टाकली. ऐकणाऱ्यांना त्या गाण्यातून काय वगळले गेले ते कळलेही नसेल.

एसएसडीला शीर्ष नाही, तबकडी नाही, म्हणून कानही नाहीत. त्या आल्यापासून पंख्यांना पुन्हा मोकळे रान मिळाले आहे.

आवाज कमी करण्याचे बरेचसे उपाय साधे असतात. अडथळा पंख्याच्या मागे असेल तर तितका त्रास नाही. तो हवा आत घेणाऱ्या बाजूला असेल तर गढूळ झालेली हवा पात्यांवर आदळते आणि आवाज वाढतो. म्हणून पत्र्यात ठोकून काढलेल्या भोकांपेक्षा तारेची गोल जाळी बरी, आणि जाळी व पाती यांच्यात थोडे अंतर असलेले आणखी बरे. पात्याचे टोक आणि चौकट यांच्यातली फटही मोलाची: ती जितकी अरुंद तितकी कमी हवा मागे गळते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने 2018 च्या आपल्या 120 मिलिमीटरच्या पंख्यात ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. त्यासाठी उष्णतेने आणि वेगाने न ताणणारे खास प्लास्टिक वापरावे लागले, नाहीतर पाती वाढून चौकटीला घासली असती. वेग आवरण्यासाठी पंख्याच्या जोडणीत चौथी तार असते. तिच्यातून सेकंदाला 25,000 वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो. हा आकडा ऐकण्याच्या मर्यादेपलीकडचा निवडलेला आहे, म्हणजे निदान आवाज कमी करणाऱ्या यंत्रणेचा स्वतःचा आवाज येऊ नये.

बेअरिंगचा आवाज या सगळ्याहून वेगळा असतो. वंगण आटले की आधी सकाळी थंड असताना खरखर येते आणि पंखा तापला की ती थांबते. पुढे थांबत नाही. तिसरी तार प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पाठवून वेग कळवत असते, पण वेग घसरेपर्यंत तिला काही कळत नाही, खरखर ती कळवत नाही. साध्या बुशच्या पंख्याचे लेबल सोलून, रबरी बूच काढून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले तर तो आणखी काही महिने चालतो. बॉल बेअरिंगला अशा दोन थेंबांचा टिकाऊ उपयोग नसतो. तिथे पंखाच बदलायचा.