गाडी बदलली, कंपनीही



बावीस वर्षं एकाच कंपनीच्या गाड्या वापरल्या. एक झिजली की तिथलीच दुसरी घ्यायची.

मागच्या पावसाळ्यात वावरातून येताना नाल्यातल्या दगडावर चेंबर फुटलं, सारं ऑइल वाहून गेलं. दिवस बुडालेला, मेळघाटातली वाट, वाघा-अस्वलांचा मुलूख. गाडी ढकलत सेमाडोहला पोचलो तेव्हा घरचे टॉर्च घेऊन शोधायला निघाले होते. पोरगा म्हणे, "बाबा, गाडी वावरासाठी हाय, वावर गाडीसाठी नाही."

दोष गाडीचा नव्हता. ती डांबरी रस्त्याची, मी तिला नाल्यात घालत होतो.

आता हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, पुढचं चाक २१ इंची. दगडावरून आरामात जाते. पण सीट ८२५ मिलिमीटर उंच, माझे पाय जेमतेम टेकतात. मागं खताचं पोतं नीट बसत नाही, ॲव्हरेजही कमी. खत आता बंडीनं नेतो.

घ्यायची असेल तर आधी आपल्या नाल्यातला मोठा दगड मोजा, मग गाडी पाहा.

जुनी विकली नाही. परतवाड्याच्या बाजाराला अजून तीच नेतो.