चुकांची वही

गुरुजींच्या वहीला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं आणि त्यावर शाईनं एकच शब्द लिहिलेला होता : चुका. नाव नाही, शाळा नाही, साल नाही. ती वही माझ्या हातात आली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं मी काय केलं आणि काय करायचं राहिलं, ते एकदा मांडून टाकावं म्हणते.

आमची संस्था म्हणजे शनिवार-रविवारी शिकवायला जाणाऱ्यांची मोट. निवृत्त मास्तर, पुण्यातले नोकरदार, कॉलेजची मुलं. नोंदणी आहे, कार्यालय नाही. अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं अकोले) राजूर-भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर आठवी ते दहावीचं गणित-विज्ञान घ्यायचं, हे काम. माणसं यायची, दोन वर्षं रमायची, लग्न किंवा बदली झाली की जायची. नवा आला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. कुठल्या वाडीत काय शिकवून झालं, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात सुप्रभातच्या फुलांखाली गाडलेलं. 'अपूर्णांक फायनल नवीन २' अशा नावाच्या फायली पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरायच्या, आणि खरी फायनल कुठली ते करणाऱ्यालाही आठवायचं नाही.

२०१७ साली ठरलं की हे सगळं एका जागी आणायचं. मी नोकरीत दिवसभर इतरांचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणून काम माझ्या गळ्यात. एका कंपनीनं माणशी वर्षाचा दर सांगितला. आमच्या खजिनदार काकांनी तो ऐकला, डायरी मिटली आणि चहा मागवला. विषय तिथंच संपला. मग उरलं मूडल, म्हणजे ऑनलाइन धडे आणि चाचण्या ठेवायचं सॉफ्टवेअर.

मूडल फुकट आहे, एवढंच मला ठाऊक होतं. ते आलं कुठून, हे मी नंतर वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा मार्टिन डुगियामास हा कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची विकतची प्रणाली सांभाळायचा. तिला वैतागून त्यानं स्वतःची लिहायला घेतली आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. त्याचं लहानपण ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, निर्जन भागात गेलेलं. शाळा इतकी लांब, की धडे रेडिओवरून यायचे. हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. रेंजसाठी टेकाडावर चढून बसणारी आमची पोरं आठवली आणि उगाचच तो माणूस नात्यातला वाटू लागला.

त्याहून मोठा धक्का पुढंच होता. काही बिघडलं म्हणून मी मूडलची एक फाईल उघडली. वर मजकूर होता : हे मुक्त आहे, वाटा, बदला, उपयोगी पडेल या आशेनं देत आहोत, हमी मात्र कसलीच नाही. त्याखाली मार्टिनचं नाव आणि '१९९९ पासून पुढे'. दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. तोच मजकूर. कुठं कुठं दुसऱ्याच कुणाचं नाव, बहुधा तो भाग लिहिणाऱ्याचं. आमच्याकडे पातेल्यावर, तांब्यावर नाव घालतात ते शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. इथं भांड्यावर नाव होतं आणि ते परत कुणी मागितलं नव्हतं.

मांडामांड मात्र सोपी नव्हती. सगळ्यात स्वस्त होस्टिंग घेतलेलं. एकदा सगळा डेटा एका जागेहून दुसरीकडे हलवला आणि मराठी मजकुराच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं आली. संगमनेरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या एका मुलानं फोनवरून रात्री दोनपर्यंत बसून ते सोडवलं : डेटाबेसची वर्णमाला लॅटिन होती, तिला देवनागरी लिहिताच येत नव्हतं. पैसे विचारले तर म्हणाला, "ताई, चहा पाजा कधीतरी." तो चहा अजून पाजायचा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीत बसवलेल्या. त्या चिकटवल्या की नुसता कचरा दिसायचा. दोन कॉलेजच्या मुलींनी त्या युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केल्या. भाषेचा मराठी पॅक होता, पण अर्धामुर्धा. उरलेले शब्द आम्ही घातले आणि त्यावर जी भांडणं झाली ती साहित्य संमेलनात शोभली असती. शेवटच्या बटणावर 'सादर करा' असावं की 'पेपर दिला', यात एक अख्खा रविवार गेला. 'पेपर दिला' जिंकलं.

आणि एवढं करून कुणी फिरकेना. दीड महिन्यात ११ जणांनी लॉगिन केलं, त्यातली एक मी.

गुरुजी आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं काढलेले. राजूरच्या बैठकीत मी लॅपटॉपवर चाचणी दाखवत होते. एकानं मुद्दाम चुकीचा पर्याय निवडला. पडद्यावर आलं : 'तुमचे उत्तर चूक आहे.' मागून गुरुजींचा आवाज : "ताई, चूक आहे हे पोराला कळतंच. कुठं चुकलं, ते सांगतं का तुमचं मूडल?"

मी जरा रागानंच म्हटलं, सांगतं की. प्रत्येक पर्यायाखाली एक चौकट असते. मुलानं तो पर्याय निवडला की तिच्यात लिहिलेलं त्याला दिसतं. दाखवायला म्हणून उघडली तर सगळ्या प्रश्नांच्या सगळ्या चौकटी रिकाम्या. आम्हीच ठेवलेल्या. काय लिहायचं ते कुणाला सुचलंच नव्हतं. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती वही घेऊन आले.

मुलं काय चुकतात आणि का चुकतात, याची ३४ वर्षांची नोंद त्या वहीत होती. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश : 'अंशात अंश, छेदात छेद मिळवतो. भाकरीचे तुकडे हातात द्यावे. उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्याला स्वतः दिसू द्यावं.' ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं : 'पंचेचाळीस आणि पाच असं वाचतो. पैशात विचारावं.' एकोणपन्नास म्हणून ५९ : 'पन्नास ऐकू येतं आणि नऊ आठवतं. दोष पोराचा नाही, शब्दाचा आहे.' २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा मला हीच ओळ आठवली. मी कुठल्याच बाजूनं बोलले नाही. गुरुजी मात्र म्हणाले, "पाढे कसे म्हणणार?" म्हणजे चूक ओळखणारा माणूसही तोडग्यावर खूश नव्हता. असो.

बहुपर्यायी प्रश्नात खरी कसोटी चुकीचे पर्याय लिहिताना लागते. आम्ही मनाला येतील ते आकडे टाकले होते. वहीतून आलेले पर्याय पोरांनी खरोखर दिलेले होते, आणि रिकाम्या चौकटीत काय लिहायचं तेही शेजारीच होतं. पर्थमध्ये कुणीतरी ती चौकट करून ठेवली होती. राजूरमध्ये तिच्यात घालायचं सामान ती जन्मायच्या आधीपासून साठत होतं. मधे मी नुसती टाईप करत होते.

स्वयंसेवक त्यानंतर येऊ लागले. नव्यांना आम्ही आधी चुकांच्या चाचण्या द्यायचो : मुलाचं उत्तर बघा, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते लिहा. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा टेकाडावर जाऊन चाचणी मोबाईलवर उतरवायची आणि घरी बसून सोडवायची, एवढं आम्हाला जमत होतं. ज्यांच्या घरी मोबाईलच नव्हता त्यांच्यापर्यंत मात्र आम्ही पोचलो नाही.

मी गुरुजींना म्हटलं, या प्रश्नपेढीवर तुमचं नाव घालते. मार्टिनचं नाव फाईलफाईलवर असतं, तेही सांगितलं. ते हसले. "नाव कशाला? चुका पोरांच्या आहेत."

मग दिवाळीत फराळाला गेले तेव्हा ५० प्रश्न छापून नेले, बघून द्या म्हणून. त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर माझं 'तुमचे उत्तर चूक आहे' खोडलं. मग आतून एक जुनी उत्तरपत्रिका आणली. कुठंही फुली नव्हती. मुलाची शेवटची बरोबर पायरी जिथं संपते तिथं खाली बारीक रेघ, आणि रेघेखाली तीन शब्द : 'इथवर बरोबर आहे.'

"फुली मारली की पोरगं वही मिटतं," ते म्हणाले. "रेघ मारली की पुढं बघतं."

'तुमचे उत्तर चूक आहे' हे वाक्य मूडलमध्ये आयतंच येतं आणि प्रत्येक प्रश्नाच्या पोटात वेगळं साठवलेलं असतं. डेटाबेसला एक आज्ञा दिली असती तर सगळीकडे एकदम बदललं असतं. माझं तर कामच ते. पण प्रत्येक चुकीचं 'इथवर' निराळं. छेद वेगळे आहेत हे ओळखलंस, इथवर बरोबर. दशांश चिन्ह जागेवर ठेवलंस, इथवर बरोबर. ते एकेक करूनच लिहावं लागतं, आणि अडलं की गुरुजींना फोन. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, मी मोठ्यानं वाचते, कचेरीतले लोक वळून बघतात.

परवा मोजलं. अजून ७३ प्रश्नांत ते जुनंच वाक्य आहे.